इंदुआक्काचे जुळलेले कागद

दोन वर्षं आम्ही लोकांच्या ताटात डोकावायचं काम केलं. कुणी किती भाकऱ्या खाल्ल्या, आमटी किती वाट्या घेतली, चहात साखर किती पडली, हे सगळं ग्रॅममध्ये लिहून ठेवलं. काकतीच्या आसपासची गावं झाली, बेळगावातल्या गल्ल्या झाल्या, निपाणी झाली. आणि त्याच काळात आमच्यातलीच एक बाई हळूहळू जेवेनाशी झाली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. इंदुआक्का जाऊन आता दोन वर्षं होतील. मी रोज तिच्या शेजारी बसून डबा खायचे. त्यामुळे या चुकीतला मोठा वाटा माझा आहे, आणि तो मी कुणाशी वाटून घेणार नाही. समोर असताना मी तिला अहोजाहो करायचे. गेल्यापासून मनातल्या मनात ती अगंतुगं झाली आहे.

आधी कामाची गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. बेळगावातल्या एका मेडिकल कॉलेजच्या डॉक्टर मॅडमनी मोठ्या माणसांच्या खाण्याच्या सवयी मोजणारी एक प्रश्नावली तयार केली होती. आम्ही तिला ‘मोठा फॉर्म’ म्हणायचो. गेल्या महिन्यात ज्वारीची भाकरी किती वेळा, भात किती वेळा, अंडी किती, मटण किती, फरसाण किती, अशी पानंच्या पानं. पुढे साखरेच्या आणि रक्तदाबाच्या आजारांचा अभ्यास या फॉर्मवर उभा करायचा होता. पण त्याआधी फॉर्म खरं सांगतो का, हे तपासायला हवं होतं. म्हणून आधी एका माणसाला फॉर्म विचारायचा, आणि मग त्याच्याच घरी चार दिवस काटा घेऊन बसायचं. तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ वजन करून लिहायचा. नंतर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जुळले तर फॉर्म पास. परीक्षा माणसांची नव्हती, फॉर्मची होती, पण हे घरोघरी पटवून देताना आमच्या तोंडाला फेस यायचा.

मी एम.एस्सी. करून नुकतीच लागले होते. पुस्तकातल्या आहारशास्त्राचा थोडा ताठाही होता. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला इंदुआक्काबरोबर निपाणीत पाठवलं. आक्का तेव्हा पन्नाशीला आलेली, दहावी पास. जनगणना, पोलिओ, आहाराच्या पाहण्या, असली कामं करून करून तिचे पाय सगळ्या तालुक्याला माहीत झाले होते. बांधेसूद, सावळी, पोपटी नाहीतर जांभळी सुती साडी, आणि खांद्यावर बेळगावच्या खडेबाजारातून घेतलेली खाकी पिशवी. तिच्यात काटा, वाट्यांचा संच, पेन्सिली आणि तिचा डबा.

पहिल्या घरी मीच पुढे झाले. बाई विड्या वळत बसली होती. मी विचारलं, “सकाळी नाश्ता केलात?”

“केलो की.”

“दुपारी जेवलात?”

“व्हय, जेवलो.”

मी झरझर लिहिलं. बाहेर पडल्यावर आक्का म्हणाली, “काय लिवलीस?”

“दोन्ही वेळा जेवल्या म्हणून.”

“चुलीत हात घालून बघितलीस? सकाळधरनं पेटलेली न्हाय ती.” ती चालता चालता थांबली. “सुनंदा, एक ध्यानात ठिव. ‘जेवलासा काय’ ह्यो आपल्याकडं प्रश्न न्हवं. रामराम हाय त्यो. न्हाय म्हणलं की इचारणाऱ्यावर वाढायची पाळी येती. म्हणून समदी व्हय म्हणत्यात. उपाशी माणूस तर आधी म्हणतंय.”

आमच्या भागात हे खरंच तसं आहे. कानडी शेजारीण दारातून ‘ऊट आयता?’, जेवण झालं का, म्हणते आणि आपण ‘आयतु’, झालं, म्हणतो. पोटात काही असो नसो. मला ते जन्मापासून माहीत होतं. पण हातात फॉर्म आल्यावर मी ते विसरले होते. शिकलेल्या माणसाचं असं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आक्कानं मला चूल कधी पेटली, भांडी किती घासली, पीठ कधी दळून आणलं, हे विचारायला लावलं. फॉर्ममधला प्रश्न मात्र ती काना-मात्रा न बदलता विचारायची, कारण परीक्षा त्याच प्रश्नाची होती. उत्तर मिळेल तसं लिहायची. मग गप्पा मारायची. त्यात खरं जेवण बाहेर यायचं, ते ती समासात पेन्सिलीनं टिपून ठेवायची.

फॉर्ममध्ये ‘एक मध्यम भाकरी’ असं लिहिलं होतं. आक्काला त्या ‘मध्यम’चा फार राग. “कुणाच्या हातची मध्यम?” म्हणायची. ती प्रत्येक घरी तव्यावरून उतरलेली भाकरी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायला सांगायची आणि पेन्सिलीनं तिच्या कडेनं रेघ ओढून घ्यायची. आत त्या बाईचं नाव. असा मोठा गठ्ठा झाला होता. वरचा कागद उचलून ती म्हणायची, “ही बघ, नवी सून. कड बघ कशी फाटलीया. रडत थापलेली दिसती.” आम्ही हसायचो. पुढे मॅडमनी त्या गठ्ठ्यावरूनच भाकरीच्या चार मापांची चित्रं करून घेतली, तेव्हा आक्का दिवसभर काही बोलली नाही. खूश झाली की ती गप्प व्हायची.

आम्ही काटा घेऊन घरात बसलो की घर बदलायचं. पहिल्या दिवशी शिरा व्हायचा, दुसऱ्या दिवशी अंड्याचं कालवण. पाहुण्यांसमोर लाज नको म्हणून शेजारणीकडून तूप यायचं. आक्का सगळं मोजून लिहायची, पण मला म्हणायची, “पयले दोन दिवस पावण्याचे. तिसऱ्या दिवशी घर घरात येतंय.” आणि खरोखर तिसऱ्या दिवशी भाकरी, ठेचा आणि कालची आमटी ताटात दिसायची. तिनं हे सांगितल्यावर मॅडमनी सुरुवातीला दोन कोरे दिवस वाढवले, नुसतं जाऊन बसायचे, न मोजायचे.

काकतीच्या पुढच्या एका गावात बाळूकाका म्हणून एक म्हातारे होते. तरुणपणी तालमीत गेलेले. फॉर्मवर त्यांनी जेवणाला आठ भाकऱ्या लिहून घ्यायला लावल्या. काट्यावर निघाल्या अडीच. काका संतापले. काटाच खोटा म्हणाले. आम्हाला हाकलून देणार अशी वेळ आली. आक्का शांतपणे म्हणाली, “काका, काटा बरोबर हाय. तुमी बी बरोबर हायसा. आठ भाकऱ्या तुमी खाल्लासा. फकस्त कवा खाल्लासा त्ये लिवायचं ऱ्हायलंय.” म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बायको असताना.” आक्कानं समासात तेवढे दोन शब्द लिहून घेतले. त्या दोन शब्दांचं संगणकात काय करायचं हे मॅडमनाही कळलं नाही, पण त्यांनी ते खोडले नाहीत.

आक्काची आणखी एक पद्धत होती. ती कधी कुणाच्या स्वयंपाकघरात शिरायची नाही. काटा उंबऱ्यावर ठेवायची आणि घरच्या बाईलाच पातेलं मोजायला लावायची. स्वतः बाहेर बसून आकडा लिहायची. बाईच्या हातात काटा गेला की तिची भीती जायची, ती आपणहून चुका सांगायची, “थांबा, झाकणासकट मोजलं मी.” आमच्या सगळ्यांच्या नोंदींपेक्षा आक्काच्या नोंदी चोख यायच्या त्या यामुळेच. मॅडमनी ही पद्धत सगळ्यांना लावून दिली. मी एकदा विचारलं, “आक्का, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“सुचतंय कुठलं,” ती म्हणाली. “लई वर्सांमागं एका घरात आडनाव इचारलं, आणि उंबऱ्यावरच थांबवलं. काम तर कराय पायजे. मग म्हणलं, वैनी, तुमीच मोजा, मी हितनं बघून लिवते.”

हे घर खानापूरकडचं होतं म्हणाली. आमच्या काकतीकडचं असतं तरी तिनं माझ्यासमोर नाव घेतलं नसतं. मी शेतकरी घरातली. आमच्या घरी माझ्या लहानपणी काय चालायचं हे मला आठवत होतं. मी पुढे विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, गल्लीतून जाताना सगळे तिला ‘जयभीम, आक्का’ म्हणायचे, आणि ती हात वर करून उत्तर द्यायची, तेव्हा ती एरवीपेक्षा दोन बोटं उंच वाटायची.

निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बायकांची गल्ली तिची स्वतःची होती. आईच्या मांडीशेजारी बसून तिनंही लहानपणी विड्या वळल्या होत्या. तिथं शेवंता नावाची एक बाई होती, चाळिशीची, फटकळ. फॉर्मवर तिनं सांगितलं, मटण दर रविवारी. काट्याच्या वेळी रविवार आला. घरात मटण शिजलं, आणि शेवंताच्या ताटात काट्यावर मटण शून्य.

आक्कानं विचारलं, “शेवंता, फोडी कुठं गेल्या?”

“पोरास्नी. मालकास्नी. सासऱ्यास्नी.”

“आणि तुला?”

“रस्सा हाय की. त्यातच आलं न्हवं समदं?”

ती खोटं बोलत नव्हती. तिला विचारलं होतं ‘तुम्ही किती वेळा मटण खाता’, आणि तिनं घराचं उत्तर दिलं होतं. त्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक बाईनं तेच केलं. घरात जे शिजलं ते आपण खाल्लं, असा हिशेब. आक्कानं सगळ्यांच्या समासात एकच प्रश्न लिहिला होता: शेवटी जेवणारं कोण? मॅडम आधी चिडल्या, फॉर्मवर असं काही लिहायचं नसतं म्हणाल्या. मग संध्याकाळपर्यंत ते समास वाचत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आक्काला खुर्ची देऊन समोर बसवलं आणि म्हणाल्या, “फॉर्म कुठं चुकतो ते तुम्हीच शोधलंत.” आक्का पुन्हा गप्प. घरी जाताना बसमध्ये एवढंच म्हणाली, “माझी आई बी रस्साच खायाची. आमास्नी वाटायचं, तिला फोडी आवडत न्हाईत.”

तिच्या आईचा विषय तेव्हा पहिल्यांदा निघाला. आई घशाच्या आजारानं गेली होती. आधी भाकरी जाईना, मग भात जाईना, मग पाणी. आक्का तेव्हा बारा-तेरा वर्षांची. “दवाखान्यानं नाव सांगितलं, आणि त्या दिसापास्नं तिचं नाव ग्येलं. समदी त्या आजाराच्या नावानंच वळखाय लागली,” ती म्हणाली. मी ऐकलं आणि ‘अरेरे’ म्हटलं. ती बाई मला काहीतरी सांगत होती, हे कळायला मला वर्ष लागलं.

आता प्रकाशचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रकाश आमच्यातलाच, बरा मुलगा, पण आळशी. एकदा त्याच्या दोन घरांचे कागद इतके सुंदर जुळले की मॅडमनी त्याचं कौतुक केलं. आक्कानं ते कागद दोन मिनिटं पाहिले आणि खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बाजूला घेतलं. “कुठल्या हॉटेलात बसून भरलास रं?”

प्रकाशचा चेहरा उतरला. निपाणी स्टँडसमोरच्या हॉटेलाचं नाव त्यानं मुकाट्यानं सांगितलं.

तिनं मॅडमना काही कळवलं नाही. स्वतः त्याच्याबरोबर त्या दोन्ही घरी पुन्हा चार-चार दिवस बसली. मला म्हणाली, “माणूस इसरतंय, लाजतंय, वाढवून सांगतंय. कागद थोडं हुकणारच. दोनी कागद तंतोतंत जुळलं, की समज, काटा पिशवीतनं भाईर निघालेलाच न्हाय.” मी ते वहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलेलं किती उपयोगी पडतं ते पुढे दिसलंच.

दुसऱ्या वर्षी मॅडमच्या मनात आलं की आपण दुसऱ्यांचं एवढं मोजतो, तर आपलंही मोजावं. जोड्या लावल्या. मी आक्काचं मोजायचं, आक्कानं माझं. मी काटा घेऊन निपाणीला तिच्या घरी गेले. घरात ती आणि तिच्या वारलेल्या बहिणीची मुलगी वैशाली, दोघीच. वैशाली कोल्हापूरला बँकेत. सकाळी सातला बस धरायची, रात्री आठला परत. दिवसभर घरात आक्काला बघणारं कुणी नव्हतं.

मी काटा बाहेर काढला. आक्का म्हणाली, “ठिव गं त्यो. माझं काय मोजतीस? मी सांगते, तू लिव. पंचवीस वर्सं वाट्या मोजाय लागलोय, मला ग्रॅमबी पाठ हाईत.”

मला बरं वाटलं नाही. पण मोठ्या बाईला ‘तुमच्यावर विश्वास नाही’ कसं म्हणायचं? शिवाय तिला ग्रॅम पाठ होते हे खरंच होतं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. सकाळी भाकरी एक, पंच्याऐंशी ग्रॅम. मेथीची भाजी. दुपारी भात, आमटी, ताक. चारही दिवसांचं तिनं असं एकाच बैठकीत सांगितलं. तिचा डबा त्या दिवसांत बदलला होता, हे मी पाहत होते. भाकरीची जागा दहीभातानं घेतली होती, तोही कालवून पातळ केलेला. “दाढ दुखती,” म्हणाली. मग निम्मा भात माझ्या डब्यात, उरलेला प्रकाशच्या. “खावा रं, पोरांनो, मी सकाळी दडपून आलोय.” साडीच्या निऱ्या वाढल्या होत्या, ब्लाऊज खांद्यावरून उतरत होतं. “वय झालं,” म्हणाली. मी मान डोलावली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा असतो, आणि दिवा हातात घेऊन मीच बसले होते.

महिन्याभरानं मॅडमनी बैठकीत आमचे कागद वाचून दाखवले. सगळ्यांचे कमीजास्त हुकलेले. मी स्वतः संध्याकाळचं फरसाण पार विसरले होते. “फक्त एक जोडी तंतोतंत,” मॅडम म्हणाल्या. “इंदुआक्का. दोन्ही कागद बरोबर जुळतात.” टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. नोंद माझ्या हातची होती ना. आक्का खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, खूश झाली आहे, म्हणून गप्प आहे.

माझे डोळे शेवंतानं उघडले. त्या पावसाळ्यानंतर मी एकटीच तिच्या घरी काही राहिलेलं विचारायला गेले होते. विड्यांचं सूप बाजूला सारून ती म्हणाली, “तुमची आक्का जेवत न्हाय गं.”

“जेवतात की. दाढ दुखतेय त्यांची.”

“कुणी सांगितलं तुला? तिनं?” शेवंता हसलीसुद्धा नाही. “माझ्या ताटातला रस्सा तुमी वजन करून लिवलासा. तिच्या ताटात कवा बघितलासा? परवा हितं पाणी पिताना कसं ठसकली, माझ्या काळजाचं पाणी झालं. अर्धा पेला पाणी प्यायला तिला पाऊण तास लागला.”

टाळ्यांचा आवाज कानात होता. तंतोतंत जुळलेले कागद. काटा पिशवीतून बाहेर न निघालेला. हे सगळं मला शिकवून ठेवलेलं होतं, आणि शिकवणारीनंच माझ्यावर वापरलं होतं. आम्ही काय पाहतो हे तिला माहीत होतं, म्हणून काय लपवायचं हेही माहीत होतं.

त्याच दुपारी ती मला निपाणी स्टँडवर भेटली. कोल्हापूरच्या गाड्या लागतात त्या बाजूच्या बाकावर आम्ही बसलो. मी ‘जेवलात का’ म्हटलं नाही. मी म्हटलं, “आक्का, काल उठल्यापासून सांगा. चूल कधी पेटवलीत?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं तोंड पुसलं.

“सकाळी च्या. अर्धा कप. दुपारी ताक, वाटीभर, त्यातलं निम्मं भाईर आलं. रातच्याला वैशालीसमोर ताट घेतलं, ती आत ग्येल्यावर भात मांजराला घातला.” ती बोटं मोजत नव्हती, आकडे सांगत नव्हती. “भाकरी उन्हाळ्यात थांबली गं, सुनंदा. आता पाणी बी अडकालंय.”

“उन्हाळ्यात? आक्का, मी तर तुमचं—”

“व्हय. तवाच.”

“मला का फसवलंत?”

“तू मोजली असतीस, तर तू लिवली असतीस. लिवलं की मॅडम बघणार. बघितलं की दवाखाना. आणि दवाखान्यात गेलं की मला नाव म्हाईत हाय.” तिचा आवाज अजिबात हलला नाही. “घरोघर जायला मिळालं थोडं दिस जास्ती. आत बोलवत्यात, च्या ठिवत्यात, आक्का म्हणत्यात. त्ये सोडवंना मला.”

मी तिच्यावर ओरडले. स्टँडवर, माणसांसमोर. तुम्ही स्वार्थी आहात, वैशालीचं काय, असलं बरंच काही. ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात इतका हलका होता की मला रडू कोसळलं.

पुढचं लवकर झालं. बेळगावला तपासण्या, अन्ननलिकेचा आजार, तिला माहीत असलेलंच नाव. डॉक्टरांनी मला आणि वैशालीला बाहेर बोलावून सांगितलं की काही महिने आधी आल्या असत्या तर करण्यासारखं बरंच होतं. वैशाली भिंतीला टेकून उभी राहिली. काही महिने आधी मी वही घेऊन त्यांच्या घरात, त्यांच्या चुलीसमोर बसले होते, हे तिला माहीत होतं. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मॅडमकडे मी आपणहून गेले आणि सांगितलं की ती जोडी खोटी आहे, मी काटा बाहेर काढलाच नव्हता. त्यांनी ती नोंद काढून टाकली. फॉर्म पुढे बदलला, निम्मे प्रश्न आक्काच्या समासातले आले. आता घरात बायकांना आधी विचारतात, शेवटी जेवणारं कोण. पण जी बाई लपवायचंच ठरवते तिला काय विचारायचं, ते अजून कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

शेवटची भेट निपाणीलाच झाली. दवाखान्यातून घरी आणलं होतं. पोटाला नळी लावलेली, तिच्यातून पातळ पेज घालायची, आणि वैशाली किती मिली गेलं ते एका वहीत लिहून ठेवायची. बँकेतून तिनं रजा घेतली होती. आक्काचा चेहरा एवढासा झाला होता. आवाज नुसता श्वासासारखा, पण शब्द कळत होते. थोडा वेळ तिनं कामाचं विचारलं, प्रकाश कसा आहे विचारलं. दुपार झाली. आतून झुणक्याचा वास येत होता. वैशालीनं मला हळूच खूण केली आणि आतल्या खोलीत बोलावलं. दाराआड, जिथून कॉट दिसत नव्हती, तिथं दोन ताटं वाढलेली होती.

“कुणी आलं-गेलं असलं तरी आम्ही इथंच बसून खातो,” ती कुजबुजली. “तिच्यासमोर कसं जेवायचं?”

आम्ही पहिला घास घेतला असेल नसेल, बाहेरून चमचा पेल्यावर वाजला. वैशाली धावत गेली. मी मागोमाग. आक्का उशीवरून मान उचलून बघत होती.

“हितं आणा ताटं,” ती म्हणाली.

“मावशी, राहू दे गं—”

“आणा.” ती दम खायला थांबली. “महिना झाला, समदं घर चोरून खाया लागलंय माझ्यापायी. वास येतोय मला. दिसू दे तरी.”

वैशाली रडायला लागली. आक्कानं तिचं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली, पण ऐकलं नाही. शेवटी आम्ही दोघींनी ताटं आणली आणि तिच्या कॉटसमोर जमिनीवर बसलो. मी भाकरी मोडली, झुणका लावला, घास तोंडात घातला, चावला. ती आमच्या तोंडाकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती, आणि मी गिळलं की तिचाही गळा थोडा हलायचा. मी एक भाकरी संपवली. वैशालीनंही संपवली.

चारच्या बससाठी मी उठले. वैशाली मला सोडायला उठणार, तर आक्कानं तिला हातानं बसवलं. दारातून मी मागे वळून पाहिलं. वैशाली ताटावर मान घालून बसली होती, आणि आक्का कॉटवरून हात खाली सोडून, काड्या झालेल्या बोटांनी तिचं ताट तिच्याकडे सारत होती. वैशालीनं दुसरी भाकरी घेतली, तेव्हाच तो हात वर गेला.